आड न येण्याची विद्या

ख्रिस्ती परंपरेत आध्यात्मिक मार्गदर्शन नावाची एक जुनी रीत आहे. महिन्यातून एकदा, साधारण तासभर, दोन माणसे एका खोलीत बसतात. एक जण आपल्या प्रार्थनेविषयी बोलतो आणि प्रार्थनेबाहेरच्या जगण्याविषयीही: कामाचा शीण, घरातले ताण, अंगावर आलेला एखादा निर्णय. दुसरा ऐकतो. हे पापनिवेदन नव्हे. इथे क्षमा द्यायची नसते, त्यामुळे ऐकणारा धर्मगुरूच असला पाहिजे असे नाही. धर्मभगिनी आणि प्रापंचिक स्त्री-पुरुषही हे काम करतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की अनुभवी माणूस नवख्याला वाट दाखवतो आहे. या परंपरेतले जाणकार मात्र शतकानुशतके वेगळेच सांगत आले आहेत. समोरच्या माणसाच्या आत जे घडते आहे त्याच्या आड न येणे, हे ऐकणाऱ्याचे पहिले काम. माझे म्हणणे असे की हा संयम कुणाला उपजत नसतो. तो शिकावा लागतो, त्याला नियमांचे कुंपण लागते, आणि कुंपण मोडले की होणारे नुकसान साध्या चुकीच्या सल्ल्यापेक्षा कितीतरी मोठे असते.

परंपरेचा उगम चौथ्या शतकातल्या इजिप्तमध्ये सापडतो. नाईलच्या पश्चिमेकडच्या वाळवंटात, नित्रिया आणि स्केतिस या भागांत, हजारो माणसे गावे सोडून तपासाठी राहू लागली होती. तिथला तरुण तपस्वी एखाद्या ज्येष्ठाकडे जाऊन आपल्या मनात येणारे विचार उघड करत असे. केलेली पापे तर सांगायचीच, पण कंटाळा, राग, घरी परतावेसे वाटणे, स्वतःच्या तपाचा अभिमान हेही सांगायचे. योहान कॅसियन या साधूने त्या वाळवंटात काही वर्षे काढली आणि पुढे पाचव्या शतकात तिथले संवाद लिहून ठेवले. त्यातला एक प्रसंग कुठल्याही ऐकणाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. कामवासनेच्या विचारांनी बेजार झालेला एक तरुण एका म्हाताऱ्या साधूकडे जातो. म्हातारा भडकतो, असले विचार येणारा साधू म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, असे सुनावतो. तरुण खचतो आणि सगळे सोडून गावाकडे निघतो. वाटेत त्याला अपोलो नावाचा दुसरा ज्येष्ठ भेटतो. चेहरा पाहूनच काहीतरी बिनसल्याचे त्याला कळते. तो विचारतो, थांबतो, पुन्हा विचारतो. सगळे ऐकून झाल्यावर तो एवढेच सांगतो की या वयातही आपल्याला हेच विचार छळतात. एक दिवस कुटीत परत जाऊन बघ. दोघांनीही तेच शब्द ऐकले होते. पहिल्याने त्यात स्वतःच्या पावित्र्याचा अपमान ऐकला, दुसऱ्याने समोरचा माणूस ऐकला. कॅसियनने या प्रसंगातून काढलेला निष्कर्ष त्या काळाच्या मानाने धीट आहे: पांढरे केस ही पात्रता नव्हे, आणि वाईट ऐकणारा माणसाला साधनेतूनच उठवतो.

अकराशे वर्षांनी या अनुभवाला पद्धतीचे रूप देणारा माणूस तेव्हा धर्मगुरू नव्हता, पंडितही नव्हता. 1521 च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्याने इग्नेशियस लोयोलाचा पाय मोडला. घरी आणल्यावर अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने वाचायला वीरपुरुषांच्या कथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. दिवस जाता जाईनात, म्हणून तो मनोराज्ये करी: कधी एका थोर स्त्रीसाठी गाजवायच्या पराक्रमांची, कधी संतांसारखे खडतर जगण्याची. दोन्हींत रमताना सुख सारखेच होते. फरक नंतर पडे. पहिल्या मनोराज्यानंतर मन रिते आणि उदास होई, दुसऱ्यानंतर प्रसन्नता टिकून राही. एके दिवशी हा फरक त्याच्या ध्यानात आला, आणि पुढचे सारे त्या निरीक्षणावर उभे राहिले. ‘आध्यात्मिक साधना’ हे त्याचे पुस्तक पोपने 1548 मध्ये मान्य केले. साधारण तीस दिवसांच्या मौनातल्या या साधनेत साधकाला रोज एका व्यक्तीला भेटायचे असते, आणि त्या व्यक्तीसाठी सुरुवातीलाच वीस सूचना दिल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच सूचना मार्गदर्शकाने काय करू नये हे सांगतात. विषय थोडक्यात मांडावा, कारण साधकाला स्वतः जे गवसते त्याची गोडी दुसऱ्याच्या लांबलचक विवेचनापेक्षा जास्त असते. त्याच्या खासगी विचारांत आणि पापांत नाक खुपसू नये; मनात कोणत्या हालचाली होत आहेत एवढे मात्र जाणून घ्यावे. तो निराश असेल तर कठोर होऊ नये. आणि पंधरावी सूचना: साधकाला संन्यासाकडे झुकवू नये, संसाराकडेही झुकवू नये, तराजूच्या काट्यासारखे मधोमध राहावे आणि निर्माता व निर्मिती यांना परस्पर भेटू द्यावे. पुढे जगभर धर्मप्रसार करणाऱ्या येशूसंघाच्या संस्थापकाने हे लिहिले आहे, हे विसरू नये. तरुणांना आपल्या संघात ओढण्याची सर्वांत सोपी जागा त्याच्या हातात होती आणि तिथेच त्याने स्वतःला मनाई केली.

ही मनाई व्यवहारात कशी दिसते हे एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. समजा, मध्यम वयाची एक शिक्षिका येते आणि म्हणते, “गेले काही महिने प्रार्थनेला बसले की काहीच होत नाही. नुसते कोरडे.” इथे तीन उत्तरे ओठांवर तयार असतात. एक सल्ल्याचे: वेळ बदला, सकाळी बसा, अमुक पुस्तक वाचा. दुसरे दिलाशाचे: सगळ्यांचे असे होते, संतांचेही झाले. तिसरे पांडित्याचे: याला आत्म्याची काळरात्र म्हणतात. तिन्ही उत्तरे खरी असू शकतात, आणि तिन्हींनी तिचे बोलणे तिथेच संपते. तयारीचा ऐकणारा क्षणभर गप्प राहतो आणि विचारतो, “कोरडे म्हणजे कसे?” ती अडखळते, शोधते, मग म्हणते, “बसले की आईचा चेहरा समोर येतो. मग मी उठतेच.” आता गोष्ट कोरडेपणाची उरली नाही. तिला जिच्याकडे बघायचे नाही अशी एक जागा आहे, आणि प्रार्थना तिला नेमकी तिथेच घेऊन जाते आहे. इथे पुन्हा एक मोह असतो, आई कुठे असते, तिची तब्येत कशी, तुमचे जमत नाही का, असे विचारण्याचा. या प्रश्नांनी माहिती मिळेल ती ऐकणाऱ्याला; तिचे लक्ष मात्र स्वतःच्या अनुभवावरून उठून हकिकतीवर जाईल. “तो चेहरा आला की तुम्हाला काय होते?” हा प्रश्न तिला तिच्याच जागी राहू देतो. तिने उत्तर दिले नाही तरी चालते. प्रश्न ती घरी घेऊन जाईल, आणि खरे काम बहुधा पुढच्या महिनाभरात त्या खोलीबाहेरच होईल.

कुणी म्हणेल, ही संथ चैन झाली. नुसते ऐकून काय साधते? अनुभवी माणसाने चार शब्द सांगितले तर वेळ वाचणार नाही का? ऐकणे म्हणजे काहीच न करणे, हे गृहीत यामागे आहे, आणि ते तपासण्यासारखे आहे. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बॅव्हेलस आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांना स्वतःवरचा जिवावर बेतलेला प्रसंग एका अनोळखी श्रोत्याला सांगायला लावले. काही श्रोत्यांना गुपचूप दुसरे काम दिले होते: सांगणाऱ्याच्या बोलण्यात इंग्रजी टी अक्षराने सुरू होणारे शब्द किती येतात ते मोजा. म्हणजे श्रोता शब्द तर ऐकत होता, त्यातली गोष्ट मात्र ऐकत नव्हता. अशा श्रोत्यासमोर सांगणाऱ्याची गोष्टच बिघडली, आणि सर्वांत जास्त बिघडला तो शेवटचा, कळसाचा भाग. प्रसंग त्यांचा स्वतःचा होता, तरी तो नीट सांगता येणे समोरच्यावर अवलंबून होते. वैद्यकातला एक जुना अभ्यासही इथे लागू पडतो. हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी 1984 मध्ये डॉक्टर-रुग्णांच्या 74 भेटी तपासल्या. त्यांतल्या फक्त 17 भेटींत रुग्णाला आपले पहिले म्हणणे पुरे करता आले. जिथे डॉक्टरांनी मध्ये तोडले तिथे ते सरासरी 18 सेकंदांत तोडले. डॉक्टरांची नियत वाईट नव्हती. ज्याला उत्तर ठाऊक असते त्याला प्रश्न पुरता ऐकणे जड जाते. ज्ञानी मार्गदर्शकाची अडचण हीच आहे, आणि चार शब्द लवकर सांगून वाचलेला वेळ बहुधा चुकीच्या प्रश्नावर खर्च होतो.

याच पुराव्यातून एक गंभीर आक्षेप निघतो, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ऐकणारा जर गोष्ट घडवत असेल, तर तो तटस्थ कसा? मधोमध उभा असलेला तराजूचा काटा ही फसवणूक नाही का? मानसोपचारात हा वाद झालेला आहे. सल्ला न देता समजून घेत ऐकण्याची पद्धत कार्ल रॉजर्स यांनी रुजवली. चार्ल्स ट्रुआक्स यांनी 1966 मध्ये खुद्द रॉजर्स यांच्या एका दीर्घ उपचाराची ध्वनिमुद्रणे तपासली तेव्हा दिसले की त्यांचा ओलावा सगळ्या बोलण्याला सारखा मिळत नव्हता. विशिष्ट प्रकारच्या बोलण्याला तो जास्त मिळे, आणि त्यांतल्या काही प्रकारांचे बोलणे पुढे वाढत गेले. साधा हुंकारही दिशा देतो. हा आक्षेप खोडून काढता येणार नाही. मान्यच करावा लागेल. पण त्यातून ऐकणे सोडून उपदेश करावा असे कसे निघते? नकळत झुकणारा माणूस जाणूनबुजून ढकलू लागला तर तोल काही सुधारत नाही. आपण कुठे झुकतो हे शोधून काढणे आणि दुसऱ्याकडून तपासून घेणे, हाच त्यावर उपाय. म्हणून आजच्या प्रशिक्षणात मार्गदर्शक आपल्या भेटीतला एखादा तुकडा आठवून शब्दशः लिहितो, साधकाची ओळख पुसतो आणि तो वरिष्ठ सहकाऱ्यासमोर ठेवतो. तिथे चर्चा साधकाची होत नाही, ऐकणाऱ्याची होते: तिने आईचे नाव काढताच तुम्ही विषय का बदललात? त्या क्षणी तुमच्या मनात काय आले? शिवाय प्रत्येक मार्गदर्शकाला स्वतःचा मार्गदर्शक असावा असा दंडक आहे. इग्नेशियसने काटा मधोमध ठेवायला सांगितले ते काटा हलतो हे माहीत असल्यामुळेच.

आणखी एक आक्षेप असा की हे समुपदेशनच आहे, फक्त त्याला धर्माचे नाव दिले आहे. दोन्हींत देवाणघेवाण झाली आहे हे खरेच. रॉजर्स यांनी तरुणपणी न्यूयॉर्कच्या एका धर्मशास्त्र विद्यालयात शिक्षण घेतले होते, आणि उलट बाजूने 1982 मध्ये आध्यात्मिक मार्गदर्शनावर आधुनिक काळातला सर्वांत प्रभावी ग्रंथ विल्यम कॉनली यांच्यासह लिहिणारे येशूसंघीय विल्यम बॅरी हे शिक्षणाने मानसशास्त्रज्ञ होते. या भेटीगाठीतला एक ठळक अध्याय महाराष्ट्रातला आहे. 1931 मध्ये मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांनी शिकागोत समुपदेशनाचे शिक्षण घेतले, इग्नेशियसची साधना लोकांकडून करवून घेतली आणि 1970 च्या दशकात पुण्यात साधना संस्था उभारली. ती पुढे लोणावळ्याला गेली. 1978 च्या ‘साधना’ या पुस्तकात त्यांनी प्रार्थनेची सुरुवात शांत बसून अंगावरच्या संवेदना आणि श्वास न्याहाळण्यापासून केली आणि विपश्यनेसारख्या भारतीय पद्धतींना ख्रिस्ती प्रार्थनेत जागा दिली. माणूस स्वतःलाही ऐकत नाही, ही त्यांची तक्रार होती. त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, 1998 मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांबद्दल सावधगिरीची सूचना काढली. ती सूचना मान्य असो वा नसो, तिने ठेवलेला प्रश्न टाळता येत नाही: अशा ऐकण्यात ख्रिस्ती असे काय उरते? माझे उत्तर असे. तंत्र सारखे असू शकते, पण गप्प राहण्याचे कारण वेगळे आहे. समुपदेशक गप्प राहतो तो समोरच्याच्या क्षमतेवर विश्वास म्हणून, आणि त्याच्याकडे माणूस बहुधा त्रास कमी व्हावा म्हणून जातो. मार्गदर्शक गप्प राहतो तो त्या खोलीत तिसरे कुणीतरी बोलते आहे, असे तो मानतो म्हणून. त्याच्याकडे येणारा मनाने ठणठणीत असू शकतो. आणि खरोखर आजार असेल, नैराश्य असेल, तर त्याला डॉक्टरांकडे पाठवणे हे मार्गदर्शकाचे कर्तव्य आहे. तिथे प्रार्थनेचा उपाय सुचवणे हा अपराध होय.

आपल्याकडे गुरू असताना हे वेगळे कशाला, असेही मराठी वाचकाला वाटेल. तुलना ताणण्यात अर्थ नाही. गुरू अनुग्रह देतो, मंत्र देतो, परंपरेत सामील करून घेतो. शिष्याची निष्ठा हा त्या नात्याचा प्राण असतो. इथे देण्यासारखे काही नसते आणि निष्ठा मागायची नसते; साधक मार्गदर्शक बदलू शकतो. सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये अविलाच्या तेरेसा या धर्मभगिनीने लिहून ठेवले आहे की आपल्याला समजून घेणारा, पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू वीस वर्षे मिळाला नाही, आणि अर्धवट शिकलेल्यांनी आपले नुकसान केले. तरी तिने शोधणे सोडले नाही, माणसे बदलत राहिली. तिचे सहकारी क्रुसाचे योहान यांनी तर एका ध्यानपर ग्रंथात मूळ विषय बाजूला ठेवून वाईट मार्गदर्शकांवर पानेच्या पाने लिहिली. लोहारासारखे घण घालण्यापलीकडे काही न येणारे हे लोक नाजूक काम बिघडवतात, साधकाला आपली मालमत्ता समजतात आणि तो दुसऱ्याकडे गेला की मत्सराने पेटतात, असा त्यांचा संताप आहे. सोडून जाण्याची मोकळीक त्यांच्या लेखी साधनेचाच भाग होती.

ही मोकळीक गेली की काय होते, हा सर्वांत कठीण आक्षेप. तत्त्वज्ञ मिशेल फूको यांनी 1978 च्या पॅरिसमधल्या व्याख्यानांत मांडले की ख्रिस्ती मेंढपाळाच्या भूमिकेतून एक खास सत्ता जन्मली: प्रत्येकाला आतून ओळखणारी, त्याच्याकडून मनातले सत्य वदवून घेणारी आणि न संपणारी आज्ञाधारकता मागणारी. हे निव्वळ तत्त्वज्ञान नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसोबत राहणाऱ्या ‘लार्श’ या जगप्रसिद्ध संस्थेचे संस्थापक जाँ व्हानिये 2019 मध्ये वारले तेव्हा अनेकांना ते संतच वाटत. संस्थेनेच नेमलेल्या चौकशीचा अहवाल 2023 मध्ये आला. त्यानुसार त्यांनी सुमारे सात दशकांच्या काळात किमान 25 प्रौढ स्त्रियांचे शोषण केले होते, आणि बऱ्याच प्रकरणांत निमित्त आध्यात्मिक सोबतीचे होते. ऐकण्यातून मिळालेला विश्वासच तिथे हत्यार झाला. यावर चांगल्या माणसांचे दाखले देऊन भागत नाही, कारण व्हानियेही चांगलेच वाटत होते. कॅसियनच्या प्रसंगातल्या भडकलेल्या म्हाताऱ्यापासून निदान पळून जाता येत होते. गोड ऐकणाऱ्यापासून पळणे अवघड.

म्हणून भरवसा ठेवायचा तो व्यक्तीच्या चांगुलपणापेक्षा तिच्यावर असलेल्या बंधनांवर. चर्चला हा धोका अगदीच ठाऊक नव्हता असे नाही. मठाधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना मनातले सांगायची सक्ती करू नये, असा हुकूम 1890 मध्ये तेराव्या लिओ पोपच्या काळात निघाला. 1983 च्या चर्चच्या कायद्यातले 240 वे कलम सांगते की सेमिनरीतल्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातल्या, विद्यार्थ्याला दीक्षा द्यायची की काढून टाकायचे, हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे मत कधीही विचारायचे नाही. ज्याला त्या तरुणाची सर्वांत जास्त माहिती आहे त्याच माणसाला निर्णयातून बाहेर ठेवले आहे. प्रशासनाच्या दृष्टीने हे गैरसोयीचे आहे, पण ऐकणाऱ्याच्या हातात सत्ता आली की बोलणारा खोटे बोलू लागतो, हे त्या कलमाच्या लेखकांनी ओळखले होते. धर्मसंस्थेबाहेर, घरी किंवा ऑनलाइन हे काम करणाऱ्यांना असे कलम लागू होत नाही. तिथे तपासणी ज्याची त्यालाच करावी लागते: या माणसाला स्वतःचा मार्गदर्शक आहे का? तो आपले काम कुणाला दाखवतो? भेटीची जागा, वेळ आणि असल्यास शुल्क आधी ठरले आहे का? घरच्यांपासून आणि मित्रांपासून तो मला तोडतो आहे का? देवाची इच्छा काय आहे हे तो माझ्या वतीने सांगू लागला आहे का? आणि पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही असे म्हटले, तर तो काय म्हणेल?